रेघ दिसली म्हणजे अळी आहेच असं नाही



उन्हाळी टोमॅटो महिन्याचा होत आला की आमच्या नारायणगाव भागात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "खालच्या पानांवर पांढऱ्या रेघोट्या आल्यात, काय मारू?" विचारणाऱ्यानं रेघ बघितलेली असते, सांगणाराही रेघेचंच ऐकतो, आणि संध्याकाळपर्यंत बाटली घरी येते. मधलं एक काम राहून जातं. ती रेघ कुणी काढली, आणि काढणारा अजून पानात आहे का निघून गेला, हे बघायचं राहतं. आज त्यावरच लिहितोय. जरा लांबेल, पण सीझनच्या तोंडावर वाचून ठेवा.

नावापासून सुरू करू, कारण अर्धा घोळ तिथंच आहे. आपण सगळ्यालाच "नागअळी" म्हणतो. लिंबाच्या कोवळ्या पानात चंदेरी वेटोळी दिसली, नागअळी. टोमॅटोवर, घेवड्यावर, काकडीवर पांढरी वळणावळणाची रेघ दिसली, नागअळी. नाव झकास आहे, पानावरून साप गेल्यासारखंच दिसतं. पण हे नाव रेघेला दिलेलं आहे, किडीला नाही. लिंबू-संत्र्यावरची असते ती एका बारीक पतंगाची अळी. टोमॅटो-घेवड्यावरची नेहमीची असते ती माशीची अळी. पतंग आणि माशी म्हणजे शेळी आणि कोंबडी इतका फरक. शेळीचं औषध आपण कोंबडीला पाजत नाही, मग इथंच का पाजतो?

ही माशी ज्या घराण्यातली आहे ते घराणं आपल्या चांगलं ओळखीचं आहे. सोयाबीनची खोडमाशी, तुरीच्या शेंगेत दाणा खाणारी शेंगमाशी, या सगळ्या तिच्याच भावकीतल्या. शास्त्रात या कुळाला ॲग्रोमायझिडी म्हणतात. कुणी खोडात राहते, कुणी शेंगेत, कुणी पानात. धंदा एकच, झाडाच्या आत बसून खायचं. युरोपात कुरणांमध्ये बटरकप नावाचं पिवळ्या फुलांचं रानरोप उगवतं. त्याच्या पानातही याच कुळातली, फायटोमायझा वंशाची माशी रेघा काढते. तिकडं अशा माश्यांच्या नोंदी ठेवणारे लोक माशी हातात यायची वाट बघत नाहीत. पान बघूनच बरंचसं ओळखतात. चार गोष्टी बघतात: झाड कोणतं, रेघ कशी, रेघेत विष्ठा कशी पडलीय, आणि कोष कुठं झालाय. मला ही पद्धत फार पटली. पान हातात घेऊन, एक रुपया खर्च न करता करता येते. आपल्या पिकांवर ती लावून बघू.

झाड कोणतं

बऱ्याच पान पोखरणाऱ्या माश्या एखाद्याच झाडावर किंवा त्याच्या नात्यातल्या झाडांवर जगतात. तिथं झाड ओळखलं की निम्मं काम झालं. आपल्याकडची माशी मात्र खादाड आहे. लिरिओमायझा ट्रायफोली हे तिचं नाव. टोमॅटो, बटाटा, घेवडा, चवळी, काकडी, दोडका, कापूस, एरंडी, झेंडू, शेवंती, काही सोडत नाही. मूळची ती अमेरिकेकडची. आपल्या देशात १९९० च्या सुमारास हैदराबाद भागात एरंडीवर तिची नोंद झाली. शेवंतीच्या रोपांबरोबर ती देशात आली असावी असं मानतात. म्हणजे आपल्या आजोबांनी टोमॅटोवर ही माशी बघितलेली नाही.

झाडावरून एक गोष्ट मात्र नक्की कळते. रेघ लिंबाच्या पानात असेल तर ती ही माशी नाही. भुईमुगाचं पान पोखरून, मग गुंडाळून चिकटवलेलं असेल तर तीही नाही, तो भुईमुगावरचा पतंग. टोमॅटोवर मात्र दोघंही येतात, माशीही आणि पतंगही. खरी परीक्षा टोमॅटोवर आहे.

रेघ कशी

माशीची रेघ सुरुवातीला केसासारखी बारीक असते आणि पुढं पुढं रुंद होत जाते. कारण साधं आहे, आत अळी खात खात मोठी होते. बारीक टोक म्हणजे अंडं जिथं उबवलं ती जागा. रुंद टोक म्हणजे अळी जिथं शेवटी होती ती जागा. त्यामुळं अळी शोधायची तर कायम रुंद टोकाला बघायचं. रेघ नागमोडी जाते, स्वतःलाच वळसे घालते, पण बहुतेक वेळा रेघ ही रेघच राहते.

पतंगाची, म्हणजे टोमॅटोवरच्या टुटा ॲब्सोल्युटाची, गोष्ट वेगळी. ती सुरुवातीला रेघ वाटली तरी लगेच पसरते आणि पानावर मोठा पारदर्शक चट्टा होतो. पान उजेडाकडं धरलं तर ओल्या कागदाला तेल लागावं तसं दिसतं. नंतर तो चट्टा वाळून तपकिरी होतो आणि लांबून बघणाऱ्याला करपा वाटतो.

माशीची अजून एक खूण म्हणजे टिपके. मादी माशीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायची सुई असते. त्या सुईनं ती पानाला बारीक भोकं पाडते आणि त्यातून आलेला रस चाटते. नराला ही सुई नसते, तो मादीनं पाडलेल्या भोकावरच पोट भरतो. पानावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात ते हेच. बहुतेक ठिपक्यात अंडं नसतंच, नुसतं जेवण झालेलं असतं. म्हणून ठिपके बघून घाबरायचं नाही, पण माशी प्लॉटात फिरतेय हे समजून घ्यायचं. पतंग असे ठिपके पाडत नाही.

विष्ठा कशी पडलीय

हे बघायला भिंग लागतं. पन्नाशी ओलांडल्यावर तर लागतंच. दहा पट मोठं दाखवणारं भिंग फार महाग नसतं, औषधाच्या एका बाटलीपेक्षा स्वस्तात येतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

माशीच्या रेघेत मधे काळ्या धाग्यासारखी विष्ठा दिसते. कधी सलग, कधी तुटक, कधी या कडेला तर कधी त्या कडेला. अळी पानात कुशीवर पडून खाते आणि मधूनच कूस बदलते, म्हणून हा धागा बाजू बदलतो. टुटाच्या चट्ट्यात विष्ठा धाग्यासारखी नसते. ती एका कोपऱ्यात, काळ्या दाण्यांच्या ढिगासारखी साचलेली असते.

कोष कुठं झालाय

आपली टोमॅटोवरची माशी कोषासाठी पानात राहत नाही. अळी पूर्ण वाढली की रेघेच्या टोकाला पानाला अर्धचंद्रासारखी चीर पाडते आणि खाली पडते. हे काम ती जास्त करून पहाटे-सकाळी करते. मातीत किंवा मल्चिंगच्या कागदावर तिचा कोष होतो. तांबूस तपकिरी, दोन मिलिमीटरचा, नाचणीच्या दाण्याहून किंचित लांबट. सकाळी झाडाखाली ताट किंवा वर्तमानपत्र ठेवलं तर त्यावर हे दाणे पडलेले मिळतात.

वाटाण्यावरची पान पोखरणारी माशी वेगळी. ती बटरकपवरच्या माशीच्या जवळची. तिचा कोष पानातच, रेघेच्या टोकाला होतो आणि पानाला बारीक फुगवटा दिसतो. एवढ्या एका खुणेवरून दोन माश्या वेगळ्या करता येतात. टुटाची अळी मातीतही कोष करते, पानावर पांढऱ्या रेशमी जाळीतही करते.

आणि पाचवी गोष्ट, आत कोण आहे

सकाळच्या कोवळ्या उन्हाकडं पान धरायचं. माशीची अळी जिवंत असेल तर रुंद टोकाला पिवळी, तांदळाच्या कणीपेक्षा छोटी, हलताना दिसते. तिला पाय नाहीत, डोकंही वेगळं दिसत नाही. पुढच्या टोकाला फक्त काळा आकडा, तोंडाचा. टाचणीनं पानाचं वरचं पापुद्रं उचललं तर ती जाग्यावरच वळवळते, कुठं चालत जाऊ शकत नाही.

टुटाची अळी बाहेर काढली तर ती चालायला लागते. तिला तपकिरी डोकं असतं, पाय असतात, आणि डोक्याच्या मागं मानेवर काळी अर्धी पट्टी असते. लहानपणी मळकट पांढरी, मोठी होताना हिरवट, शेवटी गुलाबी झाक येते. माशीची अळी जास्तीत जास्त तीन मिलिमीटर, ही मोठी झाल्यावर साताठ मिलिमीटरपर्यंत जाते.

आता या ओळखीचा उपयोग काय झाला ते सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात माझा अर्ध्या एकराचा प्लॉट आणि शेजारी पुतण्याचा एक एकर, दोन्ही टोमॅटो चार दिवसांच्या फरकानं लावलेले. पुतण्याचं पहिलंच स्वतंत्र पीक. रोपं, मल्चिंग, तार-काठी, खतं, सगळं उधारीवर. पंचविसाव्या दिवशी खालच्या पानांवर रेघा दिसल्या म्हणून दुकानातून दोन औषधांचं मिश्रण आणून त्यानं मारलं. आठ दिवसांनी पुन्हा मारलं. रेघा कमी होईनात. दुकानदार म्हणाला, आता डोस वाढव, नाहीतर पीक हातचं जाईल. तिसऱ्या फवारणीचं सामान गाडीला अडकवूनच तो माझ्याकडं आला.

"नाना, तुमच्या प्लॉटात रेघा आहेत आणि तुम्ही काहीच मारलं नाही. मी दोनदा मारलं. तरी तुमच्यापेक्षा माझ्यात जास्त कसं?"

मी म्हणलं, "आधी बघू तरी काय आहे. दोन्ही प्लॉटातली तीस-तीस पानं आण. खालची, मधली, शेंड्याजवळची, मिसळून."

त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, ओट्यावर होते. ते मला एवढंच म्हणाले, "तुझं ऐकून पोरानं फवारणी थांबवली आणि प्लॉट गेला, तर उधारी कोण भागवणार?" रास्त बोलले ते. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, जातं ते करणाऱ्याचं. म्हणूनच अंदाजावर काही सांगायचं नाही असं मी ठरवलं.

आम्ही दोघं चिंचेखाली बसलो, भिंग, टाचणी आणि वही घेऊन. प्रत्येक रेघेचे तीनच रकाने केले. पहिला, टोकाला चीर आहे, अळी निघून गेली. दुसरा, अळी आत आहे आणि जिवंत आहे. तिसरा, अळी आत आहे पण मेलेली, सुकलेली किंवा काळी पडलेली.

माझ्या तीस पानांत ४४ रेघा निघाल्या. त्यात १९ रिकाम्या, ११ जिवंत, १४ मेलेल्या. पुतण्याच्या तीस पानांत ५२ रेघा. त्यात १७ रिकाम्या, ३१ जिवंत, आणि मेलेल्या फक्त चार.

पुतण्या बराच वेळ वहीकडं बघत बसला. म्हणाला, "म्हणजे न मारता तुमच्याकडं जास्त मेल्यात?"

त्याचं उत्तर पानातच होतं. माझ्या एका पानात मेलेल्या अळीशेजारी अजून एक बारीक अळी चिकटलेली होती, तिच्या अंगातला रस ओढत. ती गांधीलमाशीच्या जातीतल्या एका अगदी छोट्या कीटकाची अळी. हेमिप्टार्सेनस, डिग्लिफस अशी या कीटकांची नावं आहेत. मादी पानावर फिरून आतल्या अळीचा माग काढते, वरूनच डंख मारून तिला लुळी करते आणि शेजारी अंडं घालते. कित्येक अळ्या तर नुसतं मारून त्यांचा रस पिऊन टाकते, अंडंही घालत नाही. अशी रेघ अर्ध्यावरच थांबलेली दिसते आणि टोकाला चीर नसते. डिग्लिफसची अळी तर रेघेच्या आत आपल्या विष्ठेचे बारीक काळे खांब उभे करते, पानाचा पापुद्रा तिच्या कोषावर पडू नये म्हणून. भिंगातून ते खांब दिसले की पुतण्या म्हणाला, "हिनं तर मंडपच टाकलाय."

सगळं सरसकट मारणारं औषध फवारलं की पहिला बळी या कीटकाचा जातो. तो उघड्यावर पानावर फिरत असतो. माशीची अळी मात्र पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये छत्री उघडून बसल्यासारखी. अंगावर पडून मारणारं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. वर ही माशी औषधाला लवकर सरावते. अमेरिकेत फ्लोरिडात भाजीपाल्यावर आणि शेवंतीवर तिनं एकामागून एक औषधं काही वर्षांतच निकामी केली, हा तिथला नोंदलेला इतिहास आहे. शत्रू घरात सुरक्षित, राखणदार मेलेला, मग रेघा वाढणारच.

तरी मी त्याला म्हणलं, दोन प्लॉटांची एकदा केलेली मोजणी म्हणजे पुरावा नव्हे. लागवडीत चार दिवसांचा फरक आहे, जमीनही थोडी वेगळी आहे. अजून एक खात्री करू. दोन काचेच्या बरण्या घेतल्या. तळाशी कोरडा कागद घातला. जिवंत अळ्यांची पानं एकीत माझी, दुसरीत त्याची टाकली. तोंडाला जुन्या धोतराचं कापड बांधलं आणि घरात सावलीला ठेवल्या. दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडून कागदावर कोष झाले. पानं सडायला लागायच्या आत कोष रंगाच्या ब्रशनं उचलून छोट्या बाटल्यांत घातले. माझ्या पानातल्या काही अळ्या कोषाला आल्याच नाहीत, त्यांचा निकाल आधीच लागला होता. ती पानं तशीच कोरड्या बाटलीत ठेवली.

तोपर्यंत फवारणीचं काय? ते डबे परत केले नाहीत, पण उघडलेही नाहीत. पुतण्यानं पाच टक्के निंबोळी अर्क मारला. बांधणीच्या वेळी जास्त रेघांची खालची पानं काढली. ती सरीत न टाकता काळ्या पिशवीत भरून, तोंड बांधून उन्हात ठेवली. पान काढून तिथंच टाकलं तर आतली अळी आरामात बाहेर येऊन मातीत जाते, मग काढून उपयोग काय? पाहणीसाठी थोडे पिवळे चिकट सापळे लावले. थोडे म्हणलं, कारण पिवळ्या रंगावर माशी येते तसे ते मित्रकीटकही येऊन चिकटतात.

नवव्या-दहाव्या दिवशी बाटल्यांत हालचाल सुरू झाली. पुतण्याच्या बाटलीत जवळजवळ सगळ्या माश्याच. दोन मिलिमीटरची, काळसर पाठ, पिवळं डोकं, आणि पाठीवर दोन पंखांच्या मुळामधे ठळक पिवळा ठिपका. पंख दोनच. माझ्या बाटल्यांत माश्या थोड्या, आणि चार पंखांचे, हिरवट चमक असलेले काळे कीटक जास्त. दोन्ही बाटल्या त्यानं आपल्या वडिलांना नेऊन दाखवल्या. बंधूंनी चष्मा लावून बघितलं. काही बोलले नाहीत, पण फवारणीचा विषय त्यांनीही पुन्हा काढला नाही.

त्याच आठवड्यात पुन्हा तीस पानं मोजली. आता रेघा मोजताना आम्ही खालची जुनी पानं सोडून वरची नवी पानंच धरली, कारण जुन्या पानावरची रेघ पान असेपर्यंत पुसत नाही. माशी जाऊन महिना झाला तरी रेघ तशीच राहते. फवारणीचा उपयोग झाला का नाही हे जुन्या रेघांवरून कधीच कळत नाही. नव्या पानांत रेघा कमी होत्या, आणि पुतण्याच्या प्लॉटातही मेलेल्या अळ्या दिसायला लागल्या होत्या.

इथं गोष्ट संपली असती तर "काही मारू नका" असं सांगून मीही मोकळा झालो असतो. पण तसं नाही. बांधाकडच्या तिसऱ्या बेडवर पान बघता बघता पुतण्या थांबला. म्हणाला, "नाना, हिला पाय आहेत."

पानावर रेघ नव्हती, चट्टा होता. कोपऱ्यात विष्ठेचा ढीग. बाहेर काढलेली अळी त्याच्या तळहातावर चालत होती आणि मानेवर काळी पट्टी स्पष्ट होती. टुटा. दक्षिण अमेरिकेतला हा पतंग. पेरू देशातल्या नमुन्यावरून १९१७ साली त्याचं पहिलं वर्णन झालं. २००६ मध्ये स्पेनमध्ये पोचला आणि २०१४ मध्ये भारतात पहिल्यांदा सापडला तो आपल्याच पुणे भागात टोमॅटोवर. माशीची अळी फक्त पान खाते. ही पान खाते, शेंडा पोखरते आणि देठाजवळून फळात शिरते. फळात शिरली की कॅरेट मार्केटला न्यायच्या लायकीचं राहत नाही. माशी महिनाभर सहन होईल, हिला आठ दिवस देणंही महागात पडतं.

त्या दिवशी दोन्ही प्लॉट आम्ही ओळीनं फिरलो. चट्ट्याची पानं आणि पोखरलेले शेंडे गोळा करून पिशवीत बांधले. टुटाचे कामगंध सापळे लावले. कामगंध सापळ्यात त्या-त्या जातीचे नर पतंगच येतात, माशी येत नाही. म्हणजे सापळाही ओळखूनच लावावा लागतो. सापळ्यात पतंग वाढायला लागल्यावर कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवला आणि त्यांनी सांगितलेलं, टोमॅटोवर आणि टुटासाठी लेबलवर असलेलं औषध त्या प्रमाणातच मारलं. गाडीला अडकवून आणलेले ते जुने डबे शेवटपर्यंत वापरले नाहीत. काही फळं गेलीच, बांधाकडच्या बेडवर जास्त. पण प्लॉट चालला, आणि उधारी तोड्याच्या पैशातून फिटली.

दुसऱ्या पिकांचं गणित वेगळं आहे तेही सांगतो. वाढलेला टोमॅटो खालच्या पानांवरच्या बऱ्याच रेघा सोसतो. काकडी-दोडक्याचं दोन पानांचं रोप सोसत नाही, तिथं पहिल्या दोन पानांवरच घाव बसतो. पालक, मेथीला पानच विकायचं असतं, जुडीवर रेघ दिसली की भाव पडतो, मग अळी जिवंत असो नाहीतर मेलेली. शेवंतीचंही तसंच. लिंबाच्या नव्या बागेत पतंगाच्या अळीनं केलेल्या जखमेतून खैऱ्या रोग आत शिरतो, म्हणून तिथं नव्या फुटीवर डोळा ठेवावा लागतो. रेघ सगळीकडं सारखी दिसत असली तरी तिची किंमत पिकागणिक बदलते.

कृषी क्षेत्रात काम करणारे बरेच जण हे वाचतात, त्यांच्यासाठी एक. लिरिओमायझाच्या जवळच्या जाती एकमेकींशी इतक्या सारख्या असतात की नर माशीचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय जात पक्की सांगता येत नाही. त्यामुळं शेतकऱ्यानं पान आणलं तर नुसतं पान परत देऊ नका. माशी बाहेर काढायला शिकवा. आणि शेतकऱ्यांनो, नमुना नेताना पान ओल्या प्लास्टिकमध्ये कोंबू नका, सडतं. कागदात गुंडाळून न्या. माशी निघाली असेल तर ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत घालून, वर पीक, गाव आणि तारीख लिहा. मोबाईलवर फोटो काढायचा तर पान उजेडाकडं धरून काढा. पाठून उजेड आला की आतली अळी, विष्ठा, सगळं दिसतं. नुसत्या वरून काढलेल्या फोटोत रेघेशिवाय काहीच दिसत नाही.

उद्या सकाळी ऊन तापायच्या आत प्लॉटात जा. दहा झाडांची तीस पानं तोडा आणि उजेडाकडं धरा. टोकाला चीर किती, जिवंत किती, मेलेल्या किती, आणि पाय असलेली एखादी आहे का, एवढं वहीत मांडा. मग दुकानात जायचं का कृषी विज्ञान केंद्रात, ते ठरवा. जिथं जाल तिथं ती वही आणि दोन पानं बरोबर न्या.